कांदा घेऊ काय?

परवा दुपारी मिसळीच्या दुकानात आईसाठी पार्सल सांगितलं आणि म्हटलं, ते बांधून होईतोवर आपणही एक खाऊन घेऊ. दुकान आवरायची वेळ झाली होती, तरी गर्दी हटत नव्हती. पहिला घास घेते तोच पोऱ्या येऊन उभा. "मावशी, जरा आत सरकता काय? दोघंच हायत." सरकले. (ताईची मावशी झाल्याचं दुःख कट वाढायला येईपर्यंतच टिकतं.) एक पोरगा शेजारी बसला, एक समोर. दोघांनी आपापले फोन पाण्याच्या ग्लासाला टेकवून उभे केले आणि मान खाली घातली. मधोमध कांदा-लिंबाची एक ताटली होती. ती माझ्या मिसळीबरोबर आली होती की आधीच्या गिऱ्हाइकाची राहिली होती, देव जाणे. समोरच्यानं फोनवरची नजर न काढता हात पुढं केला, मग एकदम थबकला आणि वर बघून म्हणाला, "मावशी, कांदा घेऊ काय?"

"घे की," म्हटलं. त्यानं चिमूटभर घेतला आणि ताटली पुन्हा बरोब्बर मधे ठेवली. माझ्याकडे नाही, त्याच्याकडेही नाही. आणि मला ते जहाज आठवलं.

2019 च्या जानेवारीत मुलानं आम्हा दोघांना, लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून, सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर बसवून दिलं होतं. पेनांग, फुकेत आणि परत. पन्हाळ्याला मुक्काम केला तरी ज्याला घरचं अंथरूण आठवतं असा माझा नवरा, पण तोही तिकिटं आल्यावर गप्प बसला. खोलीच्या कार्डावर जेवणाच्या टेबलाचा नंबर छापलेला होता आणि खाली वेळ, सव्वाआठ. जेवणाच्या दोन पंगती असायच्या. पहिली सहाला, दुसरी सव्वाआठला. पहिली पंगत, दुसरी पंगत हा हिशेब मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. टेबल आठ जणांचं, रोज तेच, आणि माणसंही रोज तीच. आपण निवडलेली नव्हेत, जहाजवाल्यांनी बसवलेली.

नवरा म्हणाला, वरच्या मजल्यावर बुफे आहे, आपण आपलं तिकडं जाऊ. मला बुफे आवडत नाही. माणसानं हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायचं आणि पुढच्याच्या पाठीकडं बघत भात वाढून घ्यायचा, हे मला लग्नकार्यातही जमत नाही. मग अंगावर सांडू नये म्हणून कोपरं आवळून, उभ्यानं, आहेराचं पाकीट काखेत धरून जेवायचं. माझ्या चुलत बहिणीच्या मुलाच्या लग्नात मी सरळ ताट घेऊन स्टेजच्या पायरीवर जाऊन बसले होते, फोटोत आले आहे. तर ते असो. मी म्हटलं, नंबर दिलाय ना, मग नंबरावरच बसायचं.

आठातली एक खुर्ची चारी दिवस रिकामी राहिली. आम्ही दोघं. माझ्या उजवीकडं सिंगापूरचे एक वयस्क गृहस्थ, एकटेच. त्यांच्यापलीकडं मलेशियातल्या इपोहच्या दोन बहिणी, एकीच्या कानाला यंत्र. मग पर्थचा एक निवृत्त रेल्वे ड्रायव्हर आणि त्याची बायको. मग ती रिकामी खुर्ची, मग माझा नवरा.

पहिल्याच रात्री मी घोळ घातला. प्रत्येकाच्या बाजूला एक छोटी बशी, तीत गोल पाव. गोल टेबलावर दोन माणसांच्या मधे एक बशी येते, ती डावीकडच्याची का उजवीकडच्याची? डावीकडची आपली, हे मला आता माहीत आहे. पाव डावीकडं, पाणी उजवीकडं. आपल्या पंगतीत हा प्रश्न येत नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या हाताला, भाजी उजव्या हाताला, पण सगळं पानाच्या हद्दीत. शेजाऱ्याच्या पानात वाढपी सोडून कुणाचा हात जात नाही. मी उजव्या हातानं उजवीकडचा पाव उचलला आणि खाल्ला. शेजारच्या गृहस्थांनी आपली रिकामी बशी बघितली, काही बोलले नाहीत, आणि त्यांनी त्यांच्या उजवीकडचा उचलला. मग एका बहिणीनं. मग दुसरीनं. असं करत ड्रायव्हरच्या बायकोपर्यंत आलं आणि तिनं रिकाम्या खुर्चीसमोरचा पाव घेतला. गाडी तिथं थांबली. कुणाचं काही कमी पडलं नाही. माझा स्वतःचा पाव डावीकडं तसाच राहिला होता. तो आपलाच समजून नवऱ्यानं खाल्ला, म्हणजे त्याचे दोन झाले. ही सगळी साखळी मला दुसऱ्या रात्री त्या बाईंनी हसत हसत सांगितली. पहिल्या रात्री सातांपैकी एकानंही तोंडातून शब्द काढला नव्हता.

आता बोलायचं काय, हा पुढचा प्रश्न. ते लोक विचारायचे, ही तुमची पहिलीच क्रूझ का, आज दिवस कसा गेला. मला विचारायचं होतं, गाव कुठलं? कोल्हापुरात अनोळखी माणूस टेबलाला आला की दुसरा प्रश्नच नसतो. "पावनं, कुठलं म्हनायचं?" "मुरगूड." "मुरगुडात आमची आत्या दिलीया की." तिसऱ्या घासाला नातं निघतं, पाचव्याला एकमेकांच्या जमिनी निघतात. मी आपल्या मोडक्या इंग्रजीत तेच चालवलं. इपोहच्या बहिणींचं घर कुणाच्या शेजारी, ड्रायव्हरचे आई-वडील मूळचे कुठले. चार दिवसांत नातं काही निघालं नाही, पण फार दूर राहिलं होतं असं मला वाटत नाही.

ड्रायव्हरमुळे मात्र एक ऐकायला मिळालं. महायुद्धानंतर इंग्लंडमधून ऑस्ट्रेलियाला जायला मोठ्या माणसाला दहा पौंडांत जहाजाचं तिकीट मिळायचं, माणसं हवी होती त्यांना तिकडं. त्याचे आई-वडील तसे गेले, हा तेव्हा लहान. महिनाभराच्या वर प्रवास, आणि रोज एकच टेबल. समुद्र खवळला की वाढपी टेबलक्लॉथ पाण्यानं भिजवायचे, म्हणजे ताटं घसरत नाहीत. टेबलाच्या कडेला उचलून लावायच्या पट्ट्या असायच्या. त्या टेबलावर भेटलेल्या एका कुटुंबाला त्याची आई मरेपर्यंत नाताळची कार्डं पाठवत होती. आमच्या जहाजाला पोटाखाली पंख होते, ते डोलणं कमी करतात. त्यामुळे आमचा टेबलक्लॉथ कोरडाच. कार्ड मी एकालाही पाठवलेलं नाही. पत्ते घेतले होते, ते कुठल्याशा पर्सच्या कप्प्यात असतील.

तिसऱ्या रात्री नटूनथटून यायचं होतं. मी कोल्हापुरी साज घातला. कानाला यंत्र असलेल्या बहिणीनं हात लावून विचारलं, ही पानं कसली? साजात एकवीस पानं, त्यातली दहा दशावताराची. मी पहिल्यापासून सुरू केलं. पहिला अवतार मासा, असं म्हणायला आणि तिच्या पुढ्यात वाफाळलेला मासा यायला एकच गाठ पडली. तिनं काटा-चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "खा, खा," म्हटलं, "आम्ही पण खातो." नवऱ्याला ठसका लागला. दशावतार कूर्माच्या पुढं गेलेच नाहीत.

वाढणारा पोरगा गोव्याचा होता. दुसऱ्या रात्रीपासून माझ्यासमोर न मागता एका वाटीत चिरलेली हिरवी मिरची यायला लागली. मी पहिल्या रात्री तोंड वेडंवाकडं केलं असणार.

आणि ते सिंगापूरचे गृहस्थ. शेवटच्या रात्री नवऱ्यानं त्यांना विचारलं, दरवर्षी येता, तर दोघांचं टेबल का नाही मागत, निवांत? ते म्हणाले, मी मोठं टेबलच मागून घेतो. घरी मी उभ्यानं जेवतो, ओट्यापाशी. त्यांनी हे दुःखात सांगितलं नाही, पावाला लोणी लावत सांगितलं. डावीकडच्या पावाला.

तर त्या पोरानं कांदा मागितल्यावर हे सगळं आठवलं, आणि एक हिशेबही लागला. वयाच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत मी अनोळखी माणसांच्या टेबलावर जेवायला बसले नव्हते. कोल्हापुरात राहून! जिथं हॉटेलात टेबल अख्खं मिळणं हाच अपवाद.

कारण आम्हाला फॅमिली रूम होती. आठवते का? लाकडी पार्टिशन, वर गुंडाळीच्या स्प्रिंगवर हिरवा पडदा, आत सनमायकाचं टेबल आणि भिंतीला कॅलेंडर. अंबाबाईचं दर्शन झालं की बाबा आम्हाला महाद्वार रोडवरून एका हॉटेलात न्यायचे. आम्ही पायरी चढलो की गल्ल्यावरून हाक जायची, "फॅमिली हाय, फॅमिली!" आणि आई खाली मान घालून, आम्हाला पुढं ढकलत, सगळी टेबलं ओलांडून पडद्याआड. भजी आणि दूध कोल्ड्रिंक यायचं. पडदा जमिनीपासून वीतभर वर असायचा. मी टेबलाखाली वाकून बाहेरचे पाय बघत बसायची. कर्रकर्र वाजणाऱ्या कापशी चपला, चिखलाचे बूट, गूळ विकून आलेल्यांच्या भेगाळलेल्या टाचा. वरून आवाज यायचे, "कुठलं म्हनायचं?" आणि हसणं, आणि कुणीतरी कुणाचंतरी बिल देण्यावरून घातलेली झटापट. आमच्या आत नुसता पंख्याचा आवाज. बाबा चमच्यानं टेबलावर टकटक करून सांगायचे, "वर बस नीट."

शाहू महाराजांची गोष्ट आपल्याला शाळेतच कळते. भाऊसिंगजी रोडवर, तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळ्यांचं 'सत्यसुधारक' हॉटेल, महाराज तिथं गाडी थांबवून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. त्या गोष्टीत कपाला तोंड लावताना काहींचे चेहरे कसे झाले असतील, ते मी लहानपणी डोळ्यांसमोर आणायची. मला तो भाग फार आवडायचा. शंभर वर्षं झाली. अलीकडं मात्र त्या चित्रात मी बायका शोधते. माझ्या डोक्यातल्या त्या हॉटेलात एकही बाई नाही. आहेच कुठं तर पडद्याआड.

पार्सल आलं. कट वेगळा बांधलेला, कांदा वेगळा, ब्रेड कागदात. पोरं अजून फोनमध्येच होती. उठताना मी त्या दोघांना विचारलंच, "गाव कुठलं रे?" एकानं कानातलं काढून विचारलं, "काय म्हणालासा मावशी?" मी म्हटलं, काही नाही.

आई आता एक्क्याऐंशीची. घरात सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल आहे, त्यावर तिच्या गोळ्या, लाइटबिलं आणि इस्त्रीचे कपडे जेवतात. ती स्वयंपाकघरात पाटावर बसते, दाराकडं पाठ करून. पहिल्यापासून तशीच. आधी बाबा, काका, आजोबा, मग आम्ही पोरं, सगळ्यांचं झालं की शेवटी ती, एकटी, भिंतीकडं तोंड करून. लहानपणी विचारलं होतं, तर म्हणाली, खाताना कुणी बघू नये, नजर लागते. आम्हाला ते पटलं होतं. माझं स्वतःचं घर झाल्यावर, भांड्याच्या तळाला काय उरतं हे कळल्यावर, एकदा भाकरी थापता थापता लख्ख उमगलं की तिला नजरेची भीती नव्हती. ताटात किती आहे ते आम्हाला दिसू नये, म्हणून ती पाठ होती.

मी तिला मिसळ वाढून दिली आणि या खेपेला बाहेर न जाता समोर, ओट्याला टेकून, खालीच बसले. तिनं एक घास घेतला. माझ्याकडं बघितलं. दुसरा घेतला.

"काय बघतीस? जा तिकडं."

"आई, कांदा घेऊ काय?"

"आत्ताच खाऊन आलीस न्हवं?" म्हणाली, आणि ताटली आपल्याकडं ओढून घेतली.