तुम्ही विचारलंत म्हणून: घेताना संकोच वाटत नाही का?

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. कुणी हसत, कुणी जरा टोचून. आम्ही दोघं सेवेसाठी परदेशी चाललोय, देवाने बोलावलंय या भरवशावर. तर मग एवढा देवावर भरवसा असताना माणसांकडून कोट, बॅगा, मदत कशाला घेता, असा एकूण सूर.

संकोच वाटतो. आधी तर इतका वाटायचा की मी चक्क एक वही घातली होती. कुणी काय केलं आणि आपण त्याचं काय फेडायचं. शेजारच्या काकांनी दोन तास बसून आमच्या सगळ्या कागदपत्रांच्या झेरॉक्स क्रमाने लावून दिल्या, तर दुसऱ्याच दिवशी मी भेटवस्तू घेऊन त्यांच्या दारात. त्यांनी ती घेतली, पण चेहरा उतरला. म्हणाले, "हिशोब मिटवायला आलीस होय?"

वही त्या दिवशी बंद झाली.

येशूने आपल्या बारा शिष्यांना गावोगाव पाठवताना झोळी नको, दुसरा अंगरखा नको असं सांगितलं, ते मी लहानपणापासून ऐकत आलेय. तेव्हा मला त्यात नुसता त्याग दिसायचा. आता दिसतं ते वेगळंच: झोळी नसलेल्याला संध्याकाळी कुणाच्या तरी दारात उभं राहावंच लागतं. आम्हालाही तिथे उतरल्यावर बसचं तिकीट कसं काढायचं इथपासून विचारावं लागणार आहे, तेही मोडक्यातोडक्या भाषेत. मग इथे ओळखीच्या माणसांपुढे कसला आलाय ताठा?

सगळंच घेते असंही नाही. येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाने करिंथ शहरात तंबू करायचा धंदा केला, तिथल्या मंडळीवर, म्हणजे चर्चच्या लोकांवर, भार टाकला नाही. पण मासेदोनिया प्रांताहून आलेल्या विश्वासातल्या भावांनी त्याची गरज भागवली, ते त्याने घेतलं. माणूस तोच, एकाला नाही आणि एकाला हो. आम्हालाही एका गृहस्थांनी विमानाचं भाडं देऊ केलं होतं. बोलता बोलता कळलं की तिकडे गेल्यावर त्यांच्या मुलाची सोय आम्ही लावायची आहे. हात जोडले.

आणि मग मंडळीतल्या एका मावशींची बॅग. जुनी, चेन नवी बसवलेली, फाटलेला कोपरा आतून जाड दोऱ्याने शिवलेला, टाके जरा वाकडे. आमच्याकडे नवी चाकांची बॅग आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या गेल्यावर नवऱ्याने ती लटकवायच्या काट्याला लावली. रिकामीच साडेचार किलो! प्रत्येकी 23 किलोची मर्यादा, आणि ही आमच्या नव्या बॅगेपेक्षा दीड किलोने जड. व्यवहार म्हणून पाहिलं तर शुद्ध मूर्खपणा. तरी तीच नेतोय, दोन पुस्तकं आणि एक जोडी बूट मागे ठेवून.

काल मावशी पुन्हा आल्या, लाल लोकर घेऊन. विमानतळाच्या पट्ट्यावर सगळ्या बॅगा सारख्याच दिसतात म्हणे. त्या स्वतः कधी विमानात बसलेल्या नाहीत. मुठीला तीन गाठी मारल्या, दोनदा ओढून पाहिलं, आणि मग मलाही ओढायला लावलं.