पावणेदोन बाय पावणेतीन

माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून एक पोलादी डाय, म्हणजे लेबलं कापायचा साचा, पडलेला असतो. धंद्यातल्या माणसाला माप सांगितलं की पुरे: पावणेदोन इंच बाय पावणेतीन इंच. अमेरिकेत फरच्या कोटाला याहून लहान लेबल चालायचं नाही. अक्षर बारा पॉइंटच्या खाली नको. नैसर्गिक की रंगवलेलं, प्राणी कोणता, पंजे-शेपट्या-पोटाचे तुकडे जोडून केलं असेल तर तसं, कातडं कुठल्या देशातलं, आणि बनवणाऱ्याचं नाव किंवा आरएन नंबर, म्हणजे त्याचा सरकारी नोंदणी क्रमांक. एवढं सगळं त्या चौकटीत. या एका डायवर आमचं दुकान अठरा वर्षं चाललं.

आम्ही फर विकत नाही, शिवतही नाही. आम्ही लेबलं छापतो. लग्नाकार्यात कोणी विचारलं की 'प्रिंटिंग' म्हणून सांगतो आणि विषय बदलतो.

१९९६ साली मी आणि माझ्या मेव्हण्याने न्यूयॉर्कच्या २९व्या रस्त्यावर, सातव्या अॅव्हेन्यूपासून थोडं आत, पाचव्या मजल्यावर एक खोली घेतली. फरवाल्यांची जुनी वस्ती तीच. मशीन सेकंडहँड, रोटरी लेटरप्रेस. चाकावर धातूची अक्षरं चिमट्याने उलटी बसवायची. मेव्हण्याने पुण्यात छापखान्यात लग्नपत्रिका जुळवलेल्या, त्यामुळे उलटं वाचणं त्याला सरळ वाचण्याइतकंच सोपं. त्या मशीनबरोबर आलेल्या टाइपात आर हे अक्षर झिजलेलं होतं, ओळीतून केसभर वर उचलल्यासारखं छापायचं. "भावजी, नवा आर घ्या," असं तो दर आठवड्याला म्हणायचा. मी म्हणायचो, लेबल अस्तराच्या आत जातं, तिथे कोण भिंग लावून बसलंय.

पहिल्याच वर्षी जी फजिती झाली ती सांगतो, कारण अजून घरात निघते. एका टोपीवाल्याचा फॅक्स आला. ऑर्डरची वही माझी बायको लिहायची, तीही देवनागरीत. फॅक्सवर एफ-ए-यू-एक्स होतं. तिने वाचलं 'फॉक्स', वहीत लिहिलं 'फॉक्स फर', आणि मेव्हण्याने वहीत बघून कोल्हा जुळवला. अॅक्रिलिकच्या टोप्यांसाठी कोल्ह्याची दोन हजार लेबलं. त्या शब्दाचा उच्चार 'फो' असतो आणि अर्थ 'खोटं', हे तिघांनाही त्या दिवशी कळलं. टोपीवाला भला होता, हसला. पण तेव्हापासून आमच्याकडे नमुन्याचा तुकडा आणि प्रूफवर सही असल्याशिवाय मशीन फिरत नाही. ऑर्डर फोनवर घेऊ नका. नव्याने धंद्यात येणाऱ्या मुलांना मी हे सांगत असतो. ती मान डोलावतात आणि फोनवरच ऑर्डर घेतात.

आता बार्बांबद्दल. ग्रीकमध्ये बार्बा म्हणजे काका. त्या गल्लीतले बरेच फरवाले ग्रीक, कास्तोरिया आणि सियातिस्ता या गावांकडचे, आणि बार्बा कास्तोरियाचे. समोरच्या इमारतीत त्यांचं वर्कशॉप. ते स्वतः मिंक, म्हणजे मुंगसासारख्या एका लहान प्राण्याचं कातडं, 'लेट आउट' करायचे, म्हणजे कातड्याच्या बोटभरही नाहीत अशा तिरक्या पट्ट्या कापून, सरकवून पुन्हा शिवायच्या, की आखूड कातडं कोटाइतकं लांब होतं. सुरी त्यांची, दुसऱ्याने हात लावलेला खपायचा नाही. शिवून झालं की कातडं ओलं करून फळीवर ताणून खिळे मारायचे. त्या खोलीत ओल्या चामड्याचा वास आणि खिळ्यांची टकटक एवढंच असायचं.

फर ओळखायला मला त्यांनी शिकवलं. हातात घेतलं की पहिल्यांदा फुंकर मारायची. केस दुभंगतात आणि तळ दिसतो. तळाशी कातडी असेल तर खरं, विणलेलं कापड असेल तर खोटं. शंका राहिली तर चार केस उपटून काडी लावायची. खऱ्याला जळक्या केसांचा वास येतो आणि चिमटीत राख होते, खोटं वितळून त्याचा टणक मणी होतो. (सॅटिनच्या रिळांजवळ काडी लावू नका. का ते विचारू नका.)

फरच्या लेबलांचा कायदा झाला १९५१ साली, लागू झाला ऑगस्ट १९५२ मध्ये. त्याआधी या गल्लीत काय चालायचं याच्या गोष्टी बार्बा मिटक्या मारत सांगायचे. मस्करॅट म्हणजे पाणथळीतला उंदराच्या जातीचा प्राणी. त्याचे केस कातरायचे, काळा रंग द्यायचा आणि 'हडसन सील' म्हणून विकायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, समुद्रातल्या सीलचं कातडं. सशाला तर इतकी नावं, की सशालाही आपण कोण ते कळू नये. कायद्याने सांगितलं, सरकारी यादीत असेल तेच नाव लिहा. "पोरा," बार्बा म्हणायचे, "कायदा चांगला आहे. माझा मिंक मिंकच आहे. ज्याचा ससा आहे त्याने घाबरावं."

१९९८ मध्ये पहिला फटका बसला. जाकिटाच्या कॉलरला, टोपीच्या कडेला लावलेल्या स्वस्त फरला लेबलातून सूट असायची, पण मर्यादा वीस डॉलरची होती. ती एकदम दीडशे केली. फरची किंमत दीडशेच्या आत असेल तर प्राण्याचं नाव लिहायची गरज नाही. आमची निम्मी ऑर्डर कॉलरवाल्यांची. एका हिवाळ्यात ती गेली. पुढच्या वर्षी मेव्हणा पुण्याला परतला. भांडण नव्हतं, पण दोन संसार त्या खोलीवर चालत नव्हते. जाताना टाइपाची पेटी पुसून ठेवून गेला.

मधली वर्षं बरी गेली. सांगण्यासारखं काही नाही.

२००५ चा सप्टेंबर मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. जाकिटं आयात करणारं एक मोठं गिऱ्हाईक मिळालेलं. आमचं जवळपास साठ टक्के काम त्याचं. (एका गिऱ्हाइकावर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त धंदा टेकवू नये. मी टेकवला होता.) ऑर्डर आली, बारा हजार लेबलं: 'फो फर, अॅक्रिलिक'. नमुना मागवला. आधी कुरकुर, मग कॉलरची पट्टी आली. मी फुंकर मारली. तळाशी कातडी. काडी लावली, खोलीभर केस जळाल्याचा वास. पट्टी खिशात घालून बार्बांकडे गेलो. त्यांनी लांब, काळ्या टोकांचे केस बोटांवर उलटे फिरवले आणि म्हणाले, "एशियाटिक रॅकून. अॅक्रिलिकच्या झाडाला हे लागत नाही."

मी गिऱ्हाइकाला सांगितलं, हे छापणार नाही. तो म्हणाला, "दीडशे डॉलरच्या आतलं आहे, सूट आहे." मी म्हटलं, सूट लेबल न लावण्याची आहे, खोटं लावण्याची नाही. कोरं सोडा, मी काहीच बोलणार नाही. खोटी माहिती लावली की सूट आपोआप संपते आणि जाणूनबुजून मोडलं तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षभर तुरुंग, हे कायद्यातच लिहिलंय. त्याने फोन ठेवला.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आणखी एक लेबलवाला होता. नाव घेत नाही, गल्लीतले ओळखतील. बारा हजार लेबलं त्याने चार दिवसांत छापून दिली. नमुना मागितला नाही. लिफ्टमध्ये भेटला तेव्हा मी विचारलं, तर म्हणाला, "कायदा विकणाऱ्याला धरतो, छापणाऱ्याला नाही. तू स्वतःला इन्स्पेक्टर समजतोस का?" चूक काही बोलला नाही. कायदा माल बनवणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्याच मागे लागतो. मला आजवर त्यावर उत्तर सुचलेलं नाही, आणि लिफ्टमधून तिसरा मजला येईपर्यंत सुचणंही शक्य नव्हतं.

त्या गिऱ्हाइकाने जाताना आमची मागची दोन बिलंही बुडवली. वकिलाची फी बिलांहून जास्त. चारातली दोन माणसं कमी केली, त्यातला एक सहा वर्षं आमच्याकडे होता. खोलीचा खिडकीकडचा भाग एका बटणवाल्याला पोटभाड्याने दिला. दिवसभर बटणं ओतल्याचा खळखळाट. जानेवारीत बायको म्हणाली, "मी फार्मसीत काउंटरवर लागते, तू मार्चपर्यंत बघ." मार्चपर्यंत बघायला माझ्याकडे तीन आठवड्यांचं भाडं होतं.

बार्बांना मी काही सांगितलं नव्हतं. गल्लीत सांगावं लागत नाही. एके दिवशी पाच जिने चढून वर आले, लिफ्ट बंद होती. खुर्चीत बसून पाच मिनिटं नुसता श्वास घेतला. मग म्हणाले, मिंकची लेबलं हवीत, दहा हजार. मी हसलो. त्यांचं वर्कशॉप वर्षाला तीनशे-साडेतीनशे कोट काढायचं. "बार्बा, दहा हजार संपायला तीस वर्षं लागतील." म्हणाले, "महागाई वाढते, आजच घेऊन ठेवतो." चेक आधीच लिहून आणलेला होता, पूर्ण रकमेचा. वय तेव्हा त्र्याहत्तर. मी दहा हजार छापली, त्याच डायवर, त्याच झिजलेल्या आरने.

पुढे २००७ च्या सुमारास प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने बाजारातली जाकिटं प्रयोगशाळेत तपासून घेतली. 'खोटं फर' म्हणून विकलेल्या कॉलरींवर रॅकून डॉगचे, म्हणजे त्याच एशियाटिक रॅकूनचे, केस निघाले. मी बायकोला पेपर दाखवला. ती म्हणाली, "वास तर तुला २००५ लाच आला होता." त्यातून दीडशे डॉलरची सूट काढायची मागणी जोर धरत गेली. डिसेंबर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली आणि १८ मार्च २०११ पासून सूट संपली. आता कॉलर दहा डॉलरची असली तरी प्राण्याचं नाव लिहायचं.

वाटलं, आपले दिवस आले. फोन वाजू लागले, खरं आहे. पण मोठ्या ऑर्डरी गेल्या कुठे? तिसऱ्या मजल्यावर. सहा वर्षांत त्याने नवीन थर्मल मशीन घेतलेलं, दिवसाला आमच्या दहापट छापणारं. ज्यांच्यासाठी त्याने 'फो' छापलं, त्यांच्यासाठीच आता 'डाइड', म्हणजे रंगवलेलं, 'एशियाटिक रॅकून' छापू लागला, दरात सवलत देऊन. २०१३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या सरकारी खात्याने, खऱ्याला खोटं म्हणून विकल्याबद्दल तीन विक्रेत्यांवर कारवाई केली. वीस वर्षं पुन्हा असं करायचं नाही, अशी अट घातली. यादी मी दोनदा वाचली. आमचं बिलबुडवं गिऱ्हाईक त्यात नव्हतं.

आणि तो 'एशियाटिक रॅकून'! हा प्राणी रॅकूनच्या घराण्यातला नाहीच, कुत्र्या-कोल्ह्याच्या घराण्यातला आहे. कुत्र्यामांजराच्या फरवर २००० सालीच बंदी आली, पण ती पाळीव कुत्र्यामांजराची, ह्याची नाही. यादीत 'रॅकून डॉग' लिहा, अशी मागणी प्राणिमित्रांनी केली. फरवाल्यांना दुसरंच गोड नाव हवं होतं. कमिशनने दोघांचंही ऐकलं नाही, जुनं नाव कायम ठेवलं. म्हणजे हडसन सील काढणाऱ्या यादीनेच हे ठेवलं. मी नियमाप्रमाणे छापतो. छापताना दर वेळी मनात बार्बांची मिटकी ऐकू येते.

नियमांच्या त्याच फेरबदलात, नोव्हेंबर २०१४ मध्ये, मापाचा नियमही गेला. लेबल कितीही लहान असू द्या, वाचता येईल आणि गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत टिकेल एवढं बघा. शहाणा बदल होता, मान्य करतो. माझ्या फळीवर मात्र त्या मापात कापलेल्या स्टॉकची अकरा खोकी होती. मोठं लेबल बेकायदा झालं नव्हतं, नुसतं कोणाला नको झालं होतं. डाय तेव्हापासून टेबलावर आहे.

तिसऱ्या मजल्यावरचा २०१९ मध्ये दुकान विकून फ्लोरिडाला गेला. निरोपाला मलाही बोलावलं होतं. गेलो, केक खाल्ला.

२०२३ च्या सुरुवातीपासून कॅलिफोर्नियात नवीन फर विकायलाच बंदी आली. शीअरलिंग, म्हणजे लोकरीसकट कमावलेलं मेंढीचं कातडं, आणि वापरलेलं फर असे काही प्रकार त्यातून सुटले. त्यामुळे आता आमचं काम मुख्यतः शीअरलिंग आणि जुन्या कोटांचं. कागद तीन वर्षं ठेवावे लागतात, ती जबाबदारी गिऱ्हाइकाची. आम्ही आमच्या प्रती सात वर्षं ठेवतो, नमुन्याचे केस पानावर चिकटवून. तुम्हीही ठेवा. एक वही, थोडा डिंक, खर्च काही नाही.

गेल्या हिवाळ्यात जुने कपडे विकणारी एक मुलगी मिंकचा कोट घेऊन आली. वापरलेल्या फरला तसं लेबलावर सांगावं लागतं, ते तिला हवं होतं. जुनं लेबल बघायला मी अस्तराची शिवण दोन इंच उसवली. आत पावणेदोन बाय पावणेतीनचं, कडा पिवळी पडलेलं: 'नॅचरल मिंक', खाली बार्बांचा आरएन. टाके त्यांच्याच हातचे, काळ्या रेशमाचे, मोजून नऊ. नॅचरलमधला आर केसभर वर.

मी फोटो काढून मेव्हण्याला पाठवला. पुण्यात मध्यरात्र झाली असणार, तरी दोन मिनिटांत उत्तर आलं: "भावजी, तेव्हाच म्हटलं होतं नवा आर घ्या."