तुम्ही विचारलंत म्हणून: चारशेची गाडी नागपुरात पाय भाजते का?

"भाऊ, एक जण म्हणते गाडी मक्खन आहे, दुसरा म्हणते पाय पोयते. खरं काय?" चारशे सीसीची गाडी बघायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो, आणि बहुतेकांच्या मनात ट्रायम्फ स्पीड 400 असते. जुलै 2023 मध्ये ती 2 लाख 33 हजार एक्स-शोरूमला आली. बजाज ती चाकणला बनवते. म्हणून उत्तर तिलाच धरून देतो. या वर्गातल्या बाकीच्या सिंगल सिलिंडर, लिक्विड-कूल्ड (कूलंट नावाच्या द्रवाने इंजिन थंड ठेवणाऱ्या) गाड्यांनाही यातलं बरंच लागू पडतं.

दोघंही खरं बोलतात. त्यांना एकच विचारा: आधी कोणती गाडी होती?

रॉयल एनफिल्डच्या हंटर 350 किंवा क्लासिकवरून आलेला माणूस हमखास म्हणतो, "खालून दमच नाही, झटके मारते." कारण इंजिनच्या मापातच आहे. हंटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, 72 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 85.8. लांब स्ट्रोकचं हे इंजिन 27 न्यूटन-मीटर टॉर्क (चाक ओढायचा जोर) 4000 आरपीएमलाच, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला 4000 फेऱ्यांवरच देतं. स्पीड 400 मध्ये बरोबर उलटं आहे. बोअर 89, स्ट्रोक 64, आणि 37.5 न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर 6500 ला मिळतो. हंटरवर 30 च्या वेगाला चौथा गिअर टाकायची सवय हाताला लागलेली असते. तेच इथं केलं की आरपीएम खाली बसतात, चेन सैल-ताठ होत खडखडते आणि हँडलपर्यंत झटके येतात. गाडीत खोट नाही. तिसाला दुसरा, चाळिशीला तिसरा, पन्नाशी ओलांडल्यावर चौथा, आणि आरपीएम 3000 च्या वर, एवढं पाळलं की तक्रार आठवड्याभरात संपते. सीताबर्डी बाजाराच्या गर्दीत रांगायचं असेल तर सरळ पहिला गिअर आणि क्लच. क्लच हलका आहे, बोटं दुखत नाहीत.

दीडशेच्या गाडीवरून आलेल्याला हीच गाडी बंदुकीच्या गोळीसारखी वाटते. 40 पीएसची ताकद त्याने हातात कधी धरलेलीच नसते. स्प्लेंडरवाल्याचं आणखी वेगळं. त्याची गाडी 112 किलोची, ही 175 च्या आसपास. चालवताना वजन कळत नाही, पण उतारावरच्या पार्किंगमधून पायाने मागे ढकलताना ते चांगलंच कळतं.

आता गरमीचं बोलू, कारण नागपुरात निर्णय त्यावरच अडतो.

चालत्या गाडीत रेडिएटरला समोरचा वारा पुरतो. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली की वारा थांबतो, कूलंट तापतं आणि पंखा सुरू होतो. तो समोरची हवा रेडिएटरच्या जाळीतून खेचून मागे फेकतो, आणि मागे तुमच्या नडग्या असतात. मे महिन्यात बाहेरच 45 अंश असतात, खालचा रस्ता तापलेला असतो, म्हणजे जाळीत शिरणारी हवाच गरम. ती उष्णता कमी उचलते, त्यामुळे पंखा लवकर लागतो आणि उशिरापर्यंत फिरतो. पंख्याचा आवाज ऐकून घाबरू नका, तो त्याचं काम करतोय. घाबरायचं ते तापमानाचा इशारा दिवा लागला तर. गाडी सावलीत बाजूला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना कधीही उघडू नका, आतलं कूलंट दाबाखाली असतं, तोंडावर उडतं.

गरमी वाढण्याची दोन कारणं मात्र आपल्या हातातली आहेत. पहिलं, जाळीत अडकलेली धूळ आणि किडे. जबलपूर रोडवर रात्री एक चक्कर झाली तरी जाळी भरते. नळाच्या साध्या धारेने, इंजिन थंड असताना धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप जवळून मारला की पातळ पाती वाकतात आणि तिथून हवा जाणं कायमचं बंद होतं. दुसरं, कूलंट कमी झालं म्हणून बोअरवेलचं पाणी टाकणं. आपल्याकडचं बोअरवेलचं पाणी जड, आत क्षार बसतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी खरोखर तापू लागते. तयार कूलंटच टाका, आणि पातळी बघायची ती सकाळी थंड गाडीवर, कूलंटच्या टाकीवरच्या दोन रेघांच्या मध्ये.

एवढं करूनही मे महिन्यात दुपारी सिग्नलला पाय गरम होणारच. पातळ ट्रॅक पँट किंवा हाफ पँट घालून बसलात तर जास्त. जाड जीन्स आणि घोट्याच्या वर जाणारे बूट घातले की फरक लगेच कळतो.

दुसरी मोठी तक्रार सिमेंट रोडची: "मागून आदळते." स्लॅबच्या दर सांध्यावर धक्का बसतो हे खरं. पण आधी टायरमधली हवा बघा. पंपावरचा पोऱ्या विचारत नाही, सरसकट 40 भरतो. गाडीवरच्या स्टिकरवर एकट्यासाठी आणि दोघांसाठी किती हवा ते लिहिलेलं असतं. टायर थंड असताना तेवढीच भरा. मग मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण. 60 किलोचा माणूस एकटा फिरत असेल तर तो एक-दोन खाचा सैल करून घ्यावा. मागे रोज कोणी बसत असेल तर घट्ट. पाच मिनिटांचं काम आहे, डिलिव्हरीच्या वेळीच सांगून करून घ्या. सिमेंट आणि बाजूचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) यांच्यामधली जी उभी कड असते, ती समांतर जाऊन चढू नका, पुढचं चाक घसरतं. वेग कमी करून आडवं कापा. नव्या टायरवर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर तर फारच जपून.

चेन दर 500-600 किलोमीटरला साफ करा. रॉकेल आणि मऊ ब्रश, पेट्रोल नको, त्याने आतल्या रबरी रिंगा फुगतात. पुसून कोरडी करा, ल्यूब आतल्या बाजूने मारा आणि रात्रभर राहू द्या. लगेच चालवली तर सगळं रिमवर उडतं. आवाज येतो म्हणून चेन ताठ करून घेणारे पुष्कळ आहेत. शॉक दबला की ताठ चेन आणखी ओढली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. ढिलाई मॅन्युअलमधल्या मापाचीच ठेवा.

सर्व्हिस 16,000 किलोमीटरला, हे वाचून लोक खूश होतात. त्यापुढे "किंवा एक वर्ष" असंही आहे. शहरात वर्षाला सहा-सात हजार फिरणाऱ्याची सर्व्हिस वर्षालाच येणार. ॲव्हरेज शहरात 25 ते 28 धरा.

पैशाचा हिशेब 2023 च्या किमतीवर करू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर सेस धरून 31 होता तो 40. काही कंपन्यांनी सुरुवातीला हा भार स्वतः उचलला, पण तसं गृहीत धरू नका. ऑन-रोड कोटेशन हातात घ्या, त्यातल्या ॲक्सेसरीजच्या ओळी एकेक करून विचारा.

घ्यावी कोणी? रविवारी रामटेक-खिंडसी, वर्षातून दोनदा पचमढी किंवा चिखलदरा करणाऱ्याने जरूर घ्यावी. नव्वद-शंभरला ती दिवसभर निवांत चालते, त्याच्या बरंच वर गेलात की सिंगल सिलिंडरचा कंप पाय ठेवायच्या पेगमध्ये आणि आरशात येतो. समृद्धी महामार्गावर उडवायचं मनात असेल तर सोडून द्या, तिथे दुचाकीला परवानगीच नाही. आणि ज्याचं रोजचं फिरणं महाल ते सदर एवढंच आहे, त्याने माझ्या मते साडेतीनशेची घ्यावी, पैसे आणि पाय दोन्ही वाचतील.

टेस्ट राइड सकाळी दहाची मिळते, ती घेऊ नका. दुपारी तीनची मागा. रिकाम्या रिंग रोडवर एक्सलेटर पिळून कळण्यासारखं काही नसतं. दोन मोठे सिग्नल पंखा लागेपर्यंत सहन करा, तिसऱ्या गिअरमध्ये तिसाने चालवून बघा, एक यू-टर्न घ्या, बंद गाडी चार पावलं मागे ढकला. आणि घरातलं जे माणूस मागे बसणार आहे, त्याला सोबत न्या. मागची सीट आखूड आहे, तिच्यावर अर्धा तास बसून त्यांचं काय म्हणणं पडतं ते बुकिंगच्या आधी ऐका.