औषधाला दाद न देणारा क्षयरोग ओळखताना

क्षयाच्या जंतूंवर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालते की नाही हे कळायला पूर्वी कल्चरचीच, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याची, वाट पाहावी लागे, आणि हे जंतू इतके सावकाश वाढतात की उत्तर हाती येईपर्यंत कित्येक आठवडे रुग्ण निरुपयोगी गोळ्या घेत राही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शिफारस केलेल्या एक्सपर्ट चाचणीने हे चित्र पालटले. थुंकीचा नमुना कार्ट्रिजमध्ये घातला की यंत्र जंतूंचा डीएनए वेगळा करून त्याच्या असंख्य प्रती काढते आणि आरपीओबी या जनुकाच्या ८१ बेसजोड्यांच्या (डीएनएच्या अक्षरजोड्यांच्या) भागात बदल झाला आहे का, हे सुमारे दोन तासांत सांगते. रिफाम्पिसिनला प्रतिकार निर्माण करणारे बहुतेक बदल याच भागात असतात. आय४९१एफ हा त्याच जनुकातला बदल मात्र या भागाबाहेरचा, त्यामुळे तो निसटतो आणि अहवाल रुग्णाला खोटा दिलासा देतो.

लाइन प्रोब या पट्टीवरच्या डीएनए चाचणीत आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाला होणारा प्रतिकारही कळतो. पट्टीवर अपेक्षित रेघ उमटली नाही, तर त्या जागी जनुक बदललेले असण्याची शक्यता असते. बदल केटजी या जनुकात असेल तर आयसोनियाझिडला प्रतिकार सहसा तीव्र, आयएनएचए या जनुकात असेल तर सौम्य. हा तपशील डॉक्टरांनी आवर्जून वाचावा, असे मला कळकळीने वाटते.

या चाचण्या मेलेल्या जंतूंचा डीएनएही टिपतात, म्हणून उपचार लागू पडतो आहे का, हे पाहायला आजही सूक्ष्मदर्शक आणि कल्चरच लागते.