तिचे मार्क तिनेच सांगावेत

मार्चमधला मंगळवार. हॉस्पिटलच्या लॅबमधलं सकाळचं काम उरकून मी डबा उघडला आणि सवयीने दुसऱ्या हाताने फोनवर लेकीच्या इथल्या, अमेरिकेतल्या शाळेचं पोर्टल उघडलं, ज्यावर पालकांना मुलांचे मार्क दिसतात. एपी केमिस्ट्री, युनिट टेस्ट, १०० पैकी ६८. अकरा चाळीस झाले होते. लेकीची जेवणाची सुट्टी अकरा पस्तीसला सुरू होते, हे मला पाठ आहे. मी लगेच मेसेज टाकला, "६८? काय झालं?"

उत्तर आलं नाही. रात्री नऊ वाजता तिला शाळेतून आणायला गेले. गाडीत बसून तिने पट्टा लावला, दप्तर मांडीवर घेतलं आणि समोर बघत म्हणाली, "आई, सरांनी पेपर आठव्या पिरियडला दिले. तुझा मेसेज त्याच्या आधी आला. मी सगळ्यांबरोबर जेवत होते. माझे मार्क मला तुझ्याकडून कळले."

घरापर्यंतच्या रस्त्यात आम्ही दोघीही बोललो नाही. तिचं म्हणणं तेवढंच होतं, आणि त्यावर माझ्याकडे काहीच नव्हतं.

त्या रात्री मला आठवीतलं माझं प्रगतिपुस्तक आठवलं. इचलकरंजीतली आमची शाळा, सहामाही परीक्षा, गणितात १०० पैकी ३१. आकड्याखाली लाल शाईची रेघ. शनिवार होता, सकाळची शाळा. घर चालत वीस मिनिटांवर. त्या दिवशी मी पाऊण तास लावला. वाटेत तीन-चार वाक्यं तयार केली, मोडली, पुन्हा जुळवली. पेपर अवघड होता असं सांगायचं, की बीजगणित समजतच नाही हे खरं सांगायचं? घरी आधी आईला दाखवलं. ती म्हणाली, "अण्णांचं जेवण होऊ दे, मग सांग." अण्णा मागावरची पाळी करून आले, जेवले, हात पुसले. तेव्हा मी पुस्तक पुढे केलं आणि म्हणाले, "अण्णा, बीजगणितात मला पहिल्यापासून काही कळत नाही." ते वाक्य मी रस्त्यात घडवलं होतं. अण्णांनी आधी मराठीचे मार्क वाचले, मग गणिताचे. सही केली आणि म्हणाले, "कुठनं कळत नाही ते बाईंना विचार. लाजू नको."

तो पाऊण तास माझा होता. वाईट बातमी होती, पण ती माझ्या हातात होती. कधी सांगायची, कुणाला आधी सांगायची, कोणत्या शब्दांत, हे मी ठरवलं. माझ्या मुलीला असा पाऊण तास कधी मिळालेलाच नाही. सहावीपासून तिचे मार्क तिच्याआधी माझ्या खिशात येत होते.

इथल्या शाळेचं काम कसं चालतं हे भारतातल्या माझ्या बहिणींना फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते. आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, आणि शाळा सरकारी. म्हणजे फी नाही, पण ज्या गावात घर त्याच गावची शाळा, आणि शाळेचा मोठा खर्च घरपट्टीतून. आमच्या घरपट्टीच्या बिलातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांकडे जातो. घर शाळेपासून अडीच मैलांच्या पलीकडे असेल तर हायस्कूलच्या मुलांना पिवळी बस मिळते, आम्हाला मिळते. हिवाळ्यात ती सहा पन्नासला अंधारात येते. हायस्कूल पूर्ण केल्याचा डिप्लोमा मिळायला किमान १२० क्रेडिट लागतात. वर्षभराच्या एका विषयाची साधारण पाच. त्यात इंग्रजीची चार वर्षं, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र प्रत्येकी तीन, परदेशी भाषा, एक कलाविषय, शिवाय पैशाचा व्यवहार शिकवणारा अर्ध्या वर्षाचा विषय. हा शेवटचा मला फार आवडतो. माझ्या लेकीला क्रेडिट कार्डावरचं व्याज कसं चढतं ते सोळाव्या वर्षी कळतं. मला ते इथे येऊन, पैसे भरून कळलं.

बाकीचं मुलं निवडतात. आणि निवड म्हटलं की आपल्याला मोकळीक वाटते, पण एकच विषय तीन पायऱ्यांवर असतो: साधा, ऑनर्स आणि एपी. एपी म्हणजे कॉलेजच्या तोडीचा अभ्यास. त्याची देशभराची परीक्षा मे महिन्यात होते, गुण एक ते पाच. आमच्या शाळेत एपीतल्या 'ए'ला जीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या विषयांच्या सरासरीत, जास्त वजन आहे. त्यामुळे चौदा वर्षांची मुलं फेब्रुवारीत पुढच्या वर्षीचा फॉर्म भरताना आपल्याला काय आवडतं याच्या जोडीने कशाचं वजन किती, हेही मोजतात. मी स्वतः तिच्या शेजारी बसून मोजलं आहे.

आमच्या दहावीला सगळं ओझं मार्चमधल्या आठ-दहा दिवसांवर असायचं. ते दिवस भयंकर, पण त्यांच्या आधी शाळेत चुकायला जागा होती. घटक चाचणीत पडलं तर पडलं. इथे बोर्डाचा बागुलबुवा नाही, याचं मला पहिली काही वर्षं केवढं कौतुक! पण इथे प्रत्येक दिवस मोजला जातो. गृहपाठ, क्विझ, प्रयोगाची वही, युनिट टेस्ट, प्रत्येकाची टक्केवारी ठरलेली, आणि नवा आकडा पडला की एकूण सरासरी तिथल्या तिथे हलते. सप्टेंबरातल्या एका सर्दीच्या दिवशीची क्विझ जूनपर्यंत सोबत येते. त्यात अकरावी, म्हणजे ज्युनियर वर्ष, सर्वांत जड. कॉलेजचे अर्ज बारावीच्या पहिल्या सहामाहीत जातात, म्हणून पूर्ण झालेलं शेवटचं वर्ष अकरावीचंच असतं. आम्हा आयांच्या व्हॉट्सॲप गटात "केमिस्ट्रीचे मार्क टाकले बरं का" असा निरोप मुलं वर्गात बसलेली असतानाच फिरतो. आम्ही हे प्रेमापोटी करतो, याबद्दल मला शंका नाही. पण त्या गटातल्या कुणीही, मीसुद्धा, कधी विचारलं नव्हतं की मुलांना ते मार्क मिळाले का.

६८ का पडले, हे मला माहीत होतं असं मला वाटत होतं. ती शाळेच्या संगीत नाटकाच्या स्टेज क्रूमध्ये आहे. मार्चमध्ये प्रयोग असतात आणि त्याच्या आधीचा आठवडा 'टेक वीक': रोज रात्री नऊपर्यंत शाळेत. इक्विलिब्रियमचा धडा नेमका त्याच सुमारास. मी मनात हिशोब मांडून ठेवला होता की नाटक सुटलं तर मार्क सुधारतील.

शुक्रवारी प्रयोगाला गेले. नाट्यगृह भरलेलं. रंगमंचावरची मुलं सुरेख गायली. पण माझं लक्ष अंधारात होतं. दोन प्रवेशांच्या मधे दिवे मालवले की काळे कपडे घातलेली सात-आठ मुलं विंगेतून येत आणि पंधरा-वीस सेकंदांत अख्खं घर उचलून नेत. त्यातली माझी कोणती, ते मी चालीवरून ओळखलं. एक जिना चाकांवर होता. ती आणि एक उंच मुलगा तो फिरवून नेमक्या खुणेवर आणत, ती खाली वाकून चाकाचा अडसर लावी आणि दिवे येण्याआधी नाहीशी होई. पुढच्या क्षणी त्या जिन्यावरून बारा मुलं नाचत उतरत. तो अडसर लागला नाही तर काय होईल, हे मला खुर्चीत बसून दिसत होतं. आमच्या इचलकरंजीत नाटकवेड्या माणसांमध्ये मी वाढले, नाटक म्हणजे काय ते मला कळतं. पण माझी मुलगी रोज रात्री बारा जणांचा तोल सांभाळून घरी येत होती आणि मी गाडीत तिला केमिस्ट्री विचारत होते.

पोर्टलवर स्टेज क्रूचा रकाना नाही. जेवणाच्या टेबलाशी तिने नव्या आलेल्या मुलीला बोलावून घेतलं, त्याचा नाही. दर महिन्याला आगीची एक आणि सुरक्षेची एक कवायत होते, राज्याचा कायदाच आहे. त्या सुरक्षेच्या कवायतीत दार बंद करून, दिवे मालवून मुलं भिंतीला टेकून गप्प बसतात. तेव्हा तिच्या मनात काय येतं, त्याचाही रकाना नाही. हे सगळं तिने सांगितलं तरच मला कळणार. आणि मार्क मीच आधी सांगितल्यावर बाकीचं सांगायची तिची इच्छा कमी होत गेली होती, हे मला त्या शुक्रवारी उमगलं.

रविवारी मी तिला म्हटलं, "मी फोनवरून पोर्टल काढून टाकते. तिमाहीच्या मध्याला आणि शेवटी रिपोर्ट येतो, तो आपण दोघी मिळून बघू. मधलं तुला वाटेल तेव्हा सांग." ती जरा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारलं, "आणि वाईट असलं तर?"

"तरी तूच सांग."

तिच्या शाळेतल्या काउन्सेलर बाईंना मी हे नंतर सांगितलं, मनात धाकधूक होती म्हणून. त्यांनी मला एक गोष्ट समजावली. मुलांच्या शालेय नोंदी बघण्याचा पालकांचा हक्क इथे १९७४च्या एका केंद्रीय कायद्याने दिलेला आहे. पण मूल अठरा वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की तो हक्क मुलाकडे जातो. पुढच्या वर्षी बारावी संपली की ती कॉलेजात जाईल. तिथे तिचे मार्क मला दाखवायचे की नाही, हे ती ठरवेल. सांगायची सवय आताच लागली नाही, तर तेव्हा कुठून येणार?

पहिले दोन आठवडे मला फार जड गेले. जेवणाच्या सुट्टीत हात आपोआप फोनकडे जायचा. गटातले निरोप मी वाचणं बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली. मी भेंडी चिरत होते. "आई, क्विझमध्ये ७१. पण या वेळी मला कळलंय कुठे चुकलं." आणि मग तिने एका कागदावर मला ते गणित पूर्ण सोडवून दाखवलं. मी लॅबमध्ये काम करते, रसायनशास्त्र माझ्या हातातलं आहे. तरी मी मधे बोलले नाही. तिचं बोलणं संपेपर्यंत भेंडी अर्धीच चिरलेली राहिली.

एप्रिलमध्ये तिने मराठीची परीक्षा दिली. न्यू जर्सीत इंग्रजीखेरीज आणखी एका भाषेत पुरेसं प्रावीण्य दाखवलं तर 'सील ऑफ बायलिटरसी' हा राज्याचा मान मिळतो. त्याचा कायदा २०१६ साली झाला, आणि मराठीतही ती परीक्षा देता येते. लिहायचं, आणि हेडफोन लावून संगणकापुढे बोलायचं. सहाव्या वर्षापासून ती रविवारच्या मराठी शाळेत जाते. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम, त्याला पुण्याच्या भारती विद्यापीठाची मान्यता. लहानपणी रडत जायची, आता तिथल्या छोट्यांना अक्षरं गिरवायला शिकवते. परीक्षेच्या आदल्या रात्री तिने मला विचारलं होतं, "सेटला मराठीत काय म्हणतात?" मी म्हटलं, "नेपथ्य." "आणि विंगला?" "विंगच." दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की बोलायच्या एका प्रश्नात तिने चाकांच्या जिन्याची गोष्ट सांगितली आणि नेपथ्य हा शब्द दोनदा वापरला.

हे सगळं लिहून मी तिला वाचायला दिलं, कारण मार्क तिचे आहेत. ६८ आणि ७१ राहू दे म्हणाली. एक परिच्छेद काढायला सांगितला, तो काढला. मराठीच्या परीक्षेचा निकाल आज दुपारी आलाय. तो मी लिहिला होता, तोही तिने खोडायला लावला. अण्णांना तो तिला स्वतः फोनवर सांगायचाय, आणि इचलकरंजीत आत्ता पहाटेचे चार वाजलेत.