कापलेल्या ट्यूबचा फोटो

मागच्या महिन्यात आमच्याकडे पाहुणे येऊन गेले. ते गेले त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर एक फोटो आला. आमच्या बाथरूममधल्या कपाटाचा. मधोमध कापलेली टूथपेस्टची ट्यूब, एका अर्ध्यावर दुसरा अर्धा टोपीसारखा चढवलेला. शेजारी साबणाची वडी, तिच्या पाठीवर आधीच्या साबणाची चीप चिकटवलेली. फोटोखाली एकच ओळ होती, ‘ओळखा पाहू, कुणाचं घर?’ रात्रीपर्यंत त्याखाली एकोणीस हसरे चेहरे जमा झाले.

मला फार लागलं. तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. नवरा म्हणाला, ‘सोड गं, गंमत केलीय त्यांनी.’ गंमत होती हे मलाही कळत होतं. पण ज्या गोष्टीने आमचं घर चौदा महिने तगवलं, तिची गंमत झालेली बघवत नाही.

ते चौदा महिने म्हणजे नवऱ्याची नोकरी गेली होती तेव्हाचे. तेव्हा मी एक वही केली. घरात येणारी प्रत्येक वस्तू कधी उघडली आणि कधी संपली, याची तारीख त्यात लिहायचे. सुरुवातीला नुसता जीव शांत राहावा म्हणून लिहीत होते. हळूहळू त्या वहीने मला बरंच शिकवलं. ट्यूबचंच घ्या. दाबून दाबून काही येईना झालं की आम्ही ती फेकायचो. एकदा कात्रीने कापली, तर आतल्या भिंतीला आणि तोंडापाशी चांगला जाड थर. आम्हा तिघांना ती पेस्ट अकरा दिवस पुरली. कारणही मग लक्षात आलं. पूर्वीच्या धातूच्या ट्यूब एकदा गुंडाळल्या की गुंडाळलेल्याच राहायच्या. (अशी दाबून वापरायची धातूची ट्यूब जॉन रँड नावाच्या चित्रकाराने १८४१ साली रंगांसाठी काढली, टूथपेस्ट त्यात नंतर आली.) आताची प्लॅस्टिकची ट्यूब दाब सुटला की फुगून पूर्वपदावर येते आणि पेस्ट आतच चिकटून राहते. म्हणून मी ती तोंडापासून चार बोटांवर कापते. वरचा भाग आधी संपवायचा आणि खालचा त्यावर चढवून झाकण करायचं, म्हणजे पेस्ट सुकत नाही.

साबणाच्या चिपेला दोन मिनिटांचं काम असतं. जुनी चीप आणि नवी वडी दोन्ही ओल्या करायच्या, फेस आला की एकमेकींवर दाबायच्या आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी एकजीव झालेल्या असतात. नव्या वडीच्या पाठीला खळगा असेल तर चीप त्यात अगदी मापाने बसते.

आता लाजेबद्दल. फोटो त्या दिवशी आला, पण लाज त्याच्या कितीतरी आधीपासून घरात होती. मी झिपच्या पिशव्या धुऊन नळावर उलट्या वाळत घालते. दाराची बेल वाजली की आधी त्या पिशव्या गोळा करायच्या आणि ड्रॉवरमध्ये कोंबायच्या, मग दार उघडायचं, असं मी कित्येक वर्षं केलं. ओल्याच कोंबायचे. दोन दिवसांनी त्यांना कुबट वास यायचा आणि त्या फेकाव्या लागायच्या. माझ्या लाजेपायी किती पिशव्या गेल्या असतील! एकदा लेकीची मैत्रीण येणार होती, तर लेक दारातूनच हळू आवाजात म्हणाली, ‘आई, ते नळावरचं आधी काढ ना.’ तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिला हे मी शिकवलं होतं. पिशव्या धुवायला नव्हे, लपवायला.

पिशव्या लपवल्या, चादरीवरची शिवण दिसू नये म्हणून वर दुसरी चादर घातली, भेटवस्तूंचा इस्त्री केलेला कागद कपाटाच्या मागे ठेवला. कुणी असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. थोर्स्टीन व्हेब्लेन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १८९९ मध्येच लिहून ठेवलंय की माणूस बराचसा खर्च आपली ऐपत दिसावी म्हणून करतो. मला हे उलट बाजूने पटलं. खर्च दिसावा असं वाटतं, तशीच काटकसर दिसू नये असंही वाटतं. दोन्हीकडे बघणारा तोच असतो.

गंमत म्हणजे वहीतले आकडे नीट मांडले तेव्हा कळलं की ज्या सवयींची मला सर्वांत जास्त लाज वाटायची, त्यांतून सर्वांत कमी वाचतं. खरी बचत कुणाच्या नजरेलाच पडत नाही.

गरम पाण्याचं बघा. आमच्या शॉवरखाली ९ लिटरची बादली धरली तर ती बरोबर एका मिनिटात भरते. १५ अंशांचं ९ लिटर पाणी ४० अंशांपर्यंत तापवायला साधारण पाव युनिट वीज लागते. तेवढ्या विजेत ९ वॅटचा एलईडी बल्ब २९ तास जळतो! आणि मी वर्षानुवर्षं, ‘दिवा कुणी चालू ठेवला?’ म्हणून घर डोक्यावर घ्यायचे, अंघोळीला कोण किती वेळ लावतंय याकडे मात्र बघायचेही नाही. ६० वॅटचे जुने पिवळे बल्ब होते तेव्हा ते ओरडणं रास्त होतं. त्या बल्बातली बहुतेक वीज उजेडाऐवजी उष्णतेतच जायची. तेवढाच उजेड आता ९ वॅटमध्ये मिळतो. सवय मात्र जुन्या बल्बाच्या काळातली राहिली होती. आता दिव्यावरून कुणाला बोलत नाही. अंघोळ दोन मिनिटांनी कमी करा एवढंच सांगते, आणि गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी बादलीत धरून फरशी पुसायला घेते.

मोबाईलच्या चार्जरचंही तेच. नुसता भिंतीला लावलेला चार्जर ०.१ वॅट घेत असेल तर वर्षभरात एक युनिटही होत नाही. त्यावरून मी नवऱ्याशी भांडले आहे. आणि टीव्हीखालचा जुना सेट-टॉप बॉक्स बंद दिसत असूनही कोमट लागायचा, तिकडे लक्षच गेलं नाही. रात्रंदिवस १० वॅट धरले तर वर्षाचे ८७.६ युनिट होतात. बंद केलेली वस्तू हाताला कोमट लागली की ती वीज खातेय, हे मी तेव्हापासून पक्कं धरलं.

बाथरूमचा एक नळ गळायचा. सेकंदाला एक थेंब. रात्री तो आवाज ऐकू यायचा, म्हणून मी खाली फडकं टाकून ठेवलं होतं. एकदा फडक्याऐवजी मापाचं भांडं ठेवलं. तासाभरात ९०० मिलिलिटर! म्हणजे दिवसाला साडेएकवीस लिटर आणि वर्षाला जवळजवळ आठ हजार लिटर. बिघाड काय होता, तर आतलं रबरी वॉशर झिजलं होतं. नवऱ्याने पाण्याचा मुख्य कॉक बंद करून वीस मिनिटांत बदललं. इकडे मी साबणाच्या चिपा जपत होते आणि तिकडे शेजारी नळ वाहत होता.

एक चूकही सांगितली पाहिजे, कारण काटकसरीच्या नावाखाली ती बऱ्याच घरांत होते. इस्त्रीची वायर प्लगपाशी उसवली होती. आतल्या तांब्याच्या काही तारा तुटल्या होत्या. मी वरून इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि आठ महिने वापरली. तारा कमी उरल्या की उरलेल्यांवर सगळा भार येतो, त्या तापतात आणि टेप आतल्या आत वितळते. एका सकाळी ठिणगी उडाली, टेपला जाळ लागला आणि लेक शेजारीच उभी होती. तिला काही झालं नाही. पण माझे हात कितीतरी वेळ थरथरत होते. तेव्हापासून वायर, प्लग आणि स्विच यांत पैसे वाचवायचे नाहीत, हे ठरलेलं आहे. फरशी पुसायचं औषध पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवणंही मी बंद केलं. बाटली बघितली की तहानलेला माणूस वास घेत बसत नाही.

चादरीबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण हे काम माझं सर्वांत आवडतं आहे. चादर फाटते ती मधोमध. आपण झोपतो तिथली वीण घासून विरते, कडा नव्यासारख्या राहतात. चादर खिडकीच्या उजेडात धरली की विरलेला पट्टा स्पष्ट दिसतो. त्या पट्ट्यातून ती उभी कापायची आणि दोन्ही अर्ध्यांच्या जागा बदलायच्या, म्हणजे बाहेरचे मजबूत काठ मध्ये येतात. विणलेल्या काठाचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे ते दुमडावे लागत नाहीत. एकमेकांवर अगदी थोडे चढवून दुहेरी शिलाई मारली की शिवण सपाट बसते आणि पाठीला टोचत नाही. विरलेला भाग बाहेर जातो, तो कापून टाकायचा आणि कडा दुमडून शिवायच्या. चादर वीतभर अरुंद होते खरी, पण आमच्या दोन चादरी अशा आणखी चार वर्षं चालल्या. त्यानंतर त्यांचे उशीचे अभ्रे झाले, आणि आता पुसणी आहेत.

ही युक्ती माझी नाही. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरही काही वर्षं ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशनिंग होतं, १९४१ ते १९४९. तेव्हा घरोघरी चादरी अशा फिरवल्या जायच्या, शर्टाच्या कॉलरी उसवून उलट्या शिवल्या जायच्या. सगळेच करत होते, मग कोण कुणाला हसणार?

त्या फोटोचं पुढे काय झालं ते राहिलंच. ग्रुपवर एकोणीस हसरे चेहरे आले, पण दुसऱ्या दिवशी मला खासगीत तीन निरोपही आले. मावशीने लिहिलं, ‘मी पण कापते गं, फक्त कपाटाला कडी लावते.’ एका मामेबहिणीने लिहिलं की ती भेटवस्तूचा कागद चिकटपट्टी न फाडता सोडवते आणि उलट बाजूने इस्त्री करते. नवरा हसतो म्हणून तो दुपारीच करते. त्या एकोणिसांत या दोघींचेही हसरे चेहरे होते, मी जाऊन बघितलं. राग आला नाही. त्यांना कोणती भीती वाटली असेल, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

तिसरा निरोप नवऱ्याच्या काकांचा. ते एकटे राहतात, काकू जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी लिहिलं, ‘तू चादर फिरवतेस असं तुझ्या सासूकडून ऐकलं होतं. माझ्या दोन चादरी मध्ये विरल्यात. तिने घेतलेल्या आहेत, टाकवत नाहीत. मला शिवता येत नाही.’

मी लगेच फोन केला. चादरी खिडकीशी धरून विरलेला पट्टा किती रुंद आहे ते बघायला सांगितलं. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग पडदा सरकवल्याचा. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘एकीचा हातभर आहे. दुसरीला मध्ये भोक पडलंय, पण कडा चांगल्या आहेत.’ कडा चांगल्या असतील तर जमेल, म्हटलं. रविवारी मोठी कात्री आणि पांढरा दोरा घेऊन जाणार आहे. लेक म्हणाली, मीही येते, चादर ताणून धरायला दुसरं माणूस लागेलच.