तुम्ही विचारलंत म्हणून: क्लिपा असताना अख्खा भाग कशाला?

विचारणारे बहुतेक माझ्याहून लहान असतात. भाचरं, ऑफिसातली नवी मुलं, आमच्या हौशी नाटकाच्या ग्रुपमधली पोरं. "ताई, 'चला हवा येऊ द्या'चे सगळे पंच यूट्यूबवर तीन-तीन मिनिटांत कापून ठेवलेत. तुम्ही जुना अख्खा भाग कशाला बघत बसता? तोही आधी पाहिलेला?" तोंडाने ताई म्हणतात, सूर मात्र काकूंशी बोलायचा असतो.

ज्यांनी कार्यक्रम पाहिला नसेल (असे मराठी घरात फार नसतील), त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्ट 2014 मध्ये झी मराठीवर सुरू झाला, मार्च 2024 मध्ये थांबला. नव्या सिनेमाची किंवा नाटकाची मंडळी जाहिरातीसाठी यायची, सोफ्यावर बसायची, आणि त्यांच्यासमोर थुकरटवाडी नावाच्या काल्पनिक गावात प्रहसन रंगायचं. निलेश साबळे सूत्रधार. भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे, श्रेया बुगडे ही मुख्य फळी. आणि पुष्कळ भागांत, हसून दमल्यावर, खाकी कपड्यातला पोस्टमन यायचा आणि एक पत्र वाचायचा.

आता उत्तर. मी अनेक वर्षं राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय, म्हणजे नट अडला की वहीतून त्याला वाक्य हळूच पुरवायचं. त्या कामाने नजरेला एक खोड लागते. जो बोलतोय त्याच्याकडे तुम्ही बघतच नाही, कारण त्याचं वाक्य तुमच्या हातातल्या वहीत असतं. तुम्ही बघता पुढचं वाक्य ज्याचं आहे त्याच्याकडे. त्याला आठवतंय का, तो तयार आहे का, की समोरच्याच्या लाफ्टरमध्ये स्वतःच वाहून गेलाय. जुना भाग दुसऱ्यांदा बघताना माझी नजर तशीच फिरते. पंच माहीत असतो, त्यामुळे त्याची वाट बघायची नसते, आणि ज्याला त्या क्षणी हशा मिळत नाहीये त्याच्याकडे निवांत बघता येतं.

भाऊ कदमांचंच घ्या. त्यांचा अर्धा विनोद ते बोलत नसताना होतो. आत येतात, उभे राहतात, समोरच्याकडे बघतात, काहीतरी बोलणार असं वाटतं आणि बोलत नाहीत. तेवढ्यात सभागृह फुटलेलं असतं. पण हा पॉज एकट्या भाऊंचा नसतो. समोर उभ्या असलेल्या माणसाने तो धरून ठेवावा लागतो. घाईत पुढचं वाक्य टाकलं की मेला. त्या वेळी साबळे काय करतात ते बघा: मान किंचित खाली, हसू दाबलेलं, आणि हशा उतरायला लागला की नेमक्या त्या टोकाला पुढचा प्रश्न. भारत गणेशपुरेंची तऱ्हा वेगळी. ते वऱ्हाडीत चिडतात. आवाज पायरीपायरीने वर नेतात, आणि समोरचा जितका मठ्ठपणा करेल तितके ते खरेच वैतागल्यासारखे दिसतात. त्या वैतागाशिवाय समोरच्याचा मठ्ठपणा नुसता मठ्ठपणाच राहिला असता.

क्लिप कापणाऱ्याला हे सगळं फापटपसारा वाटतं. तो आधीची दीड-दोन मिनिटं उडवतो, पॉज आखडतो, पंच ठेवतो आणि खाली हसणारे चेहरे चिकटवतो. फोडणीशिवाय आमटी वाढल्यासारखं होतं ते. क्लिप बघून मला हसू येतं, नाही असं नाही. पण ते आठवणीचं हसू असतं. अख्खा भाग मी कधीतरी पाहिलेला असतो म्हणून येतं. ज्याने कधीच पाहिला नाही, त्याला यात एवढं काय, असं वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही.

ही जोडगोळीची रीत काही टीव्हीने शोधलेली नाही. तमाशात गण झाला, गवळण झाली की बतावणी यायची. एक शहाणा, एक सोंगाड्या. शहाण्याने सरळ विचारायचं, सोंगाड्याने वाकडं उत्तर द्यायचं. टाळ्या सोंगाड्याला. पण दोघांचा ताल सांभाळायची जबाबदारी शहाण्यावर असते, हे फडातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. थुकरटवाडी त्याच वाटेवरचं गाव आहे.

सोफ्याकडेही बघा. पाहुणे सिनेमा विकायला आलेले असतात, त्यामुळे हसणं त्यांच्या कामाचाच भाग. तरी खरं हसू लपत नाही. कुणी कॅमेरा आपल्यावर आहे याची खात्री करून हसतं. कुणी शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारतं. श्रेया बुगडे एखाद्या अभिनेत्रीची नक्कल तिच्याच समोर करते तेव्हा त्या अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर आधी एक चमत्कारिक तपासणी चालते, 'मी खरंच अशी बोलते?', आणि मग कुठे हसू सुटतं. पहिल्यांदा बघताना हे कुणाच्या लक्षात राहतं? शाहरुख खान, सलमान खान येऊन गेले त्या भागांची चर्चा फार झाली. मला मात्र ज्यांचा सिनेमा पुढे दोन आठवडेही टिकला नाही, त्या मंडळींचे भाग जास्त आवडतात. सिनेमा विसरला गेला, पण त्यातली तीन-चार माणसं तासभर मनापासून हसली होती, एवढं तिथे शिल्लक आहे.

आणि पत्र. सागर कारंडेंनी वाचायची आणि अरविंद जगतापांनी लिहायची. शेतकरी, सीमेवरचा जवान, म्हातारे आईबाप, गावाकडे राहिलेली माणसं. क्लिपांमुळे सर्वात जास्त नुकसान झालंय ते या पत्रांचं. मोबाइलवर ते पत्र एकटं येतं, खाली हळवं संगीत, वर कुणीतरी लिहिलेलं 'रडू आवरणार नाही'. अशा वेळी मला ते अंगावर येतं, आणि चांगल्या अर्थाने नाही. रडायला बोलावल्यावर मी सहसा रडत नाही.

अख्ख्या भागात हिशोब निराळा असतो. तुम्ही पाऊण तास हसलेले असता, अंग सैल पडलेलं असतं, पुन्हा काहीतरी गंमत येणार म्हणून तोंड अजून हसरंच असतं. तोच नट, ज्याने मघाशी साडी नेसून धुमाकूळ घातला होता, तो खाकीत येतो आणि अगदी साध्या, सपाट आवाजात वाचायला लागतो. पहिल्या दोन ओळींवर प्रेक्षक सवयीने हसतातसुद्धा. मग हसणं एकेका कोपऱ्यातून बंद होत जातं. हे बंद होत जाणं ऐकण्यासारखं आहे, हेडफोन लावून ऐका. ते क्लिपमध्ये नसतं, कारण क्लिप पत्रापासून सुरू होते.

प्रेक्षक हेही त्यातलं एक पात्र होतं, हे 2020 मधले भाग बघताना कळतं. टाळेबंदीत शूटिंग बंद पडलं, जुलैमध्ये मराठी वाहिन्यांवर नवे भाग पुन्हा दिसायला लागले, पण स्टुडिओत गर्दी बसवायची सोय नव्हती. नट तेच, टायमिंग तेच, आणि तरी प्रत्येक पंच टाकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर अर्धा क्षण एक शोध दिसतो. वरून हशा भरलेला असला तरी नटाला तो ऐकू आलेला नसतो ना. हे भाग मी फारसे लावत नाही. पण नाटक शिकणाऱ्या पोरांना आवर्जून लावायला सांगते.

सगळंच सोन्यासारखं आहे असं मी म्हणणार नाही. रंगावरून, जाडीवरून केलेले विनोद तेव्हाही आळशी होते, आता तर हात आपोआप पुढे ढकलायच्या बटणाकडे जातो. पुरुषांनी बायका रंगवायची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, बालगंधर्वांची पुण्याई आहे, मान्य. पण पदर सावरत मुरका मारला की झाला विनोद, हे दर आठवड्याला कसं चालायचं? मुख्य फळीत बाई एकटी श्रेया. तिच्यासाठी लिहिलेल्या प्रवेशांमध्ये आणि साडीवाल्या गड्यांच्या प्रवेशांमध्ये लेखनाच्या मेहनतीचा फरक सरळ दिसतो. शिवाय 'आमच्या सिनेमात सगळ्यांनी जीव ओतून काम केलंय' हा भाग कुठल्याही वर्षी सारखाच कंटाळवाणा.

तरी हे सगळं, चांगलं-वाईट, जागेवर आहे, याचं मला अप्रूप आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पुढे त्यावरच्या 'गजरा' या कार्यक्रमाने आमच्या आधीच्या पिढीला हसवलं. त्यातलं बरंचसं आज बघायला मिळत नाही. टेप महाग, पुसून पुन्हा वापरायच्या. घरातली मोठी माणसं त्यातले प्रवेश रंगवून सांगायची, त्यावरच भागवायचं. नट पॉज कसा घ्यायचा हे कुणाला सांगून दाखवता येत नाही.

2025 मध्ये कार्यक्रम अभिजीत खांडकेकरच्या सूत्रसंचालनात नव्या रूपात परत आला, तेव्हा 'आता तरी जुनं सोडा' असंही ऐकून झालं. नवं नवं म्हणून बघते, जुनं जुनं म्हणून.

यानंतरचा प्रश्न ठरलेला: "बरं, मग सुरुवात कुठून करू?" सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांतला कुठलाही भाग घ्या, फक्त पाहुण्यांचा सिनेमा तुम्ही पाहिलेला नसावा. म्हणजे तुमचं लक्ष सोफ्यावर अडकणार नाही. आणि दुसऱ्यांदा बघाल तेव्हा भाऊंकडे बघू नका, त्यांच्या समोर कोण उभं आहे ते बघा.